एल अनात्सुईंच्या झाकणांच्या शिल्पांची जोडणी: झाकणं किती, तार कोणती, आणि भाष्य नेमकं कुठे?

रंगपेटी:
नमस्कार मंडळी. एल अनात्सुई (जन्म घाना, १९४४, कामाची जागा अनेक दशकं नायजेरियातलं न्सुका) दारूच्या बाटल्यांच्या झाकणांतून भिंतभर पसरणारे पडदे करतात. त्या पद्धतीचा ३ × ३ फुटांचा अभ्यास-नमुना करायचा आहे. झाकणं देशीच्या क्वार्टरची, ॲल्युमिनियमची, २८ मिमी व्यासाची आहेत. झाकणं आणि तार किती लागेल? चाचणीचा वीतभर तुकडा पत्र्यासारखा ताठ राहतो, चुण्या पडतच नाहीत, ते का? आणि परीक्षक याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून मोकळे होणार, तर यातलं सामाजिक भाष्य नेमकं कुठे असतं? आफ्रिकेतल्या अशाच आणखी कोणाचं काम पाहावं?

तांबट:
झाकणाचे तीन भाग कामाचे: वरची चकती, बाजूची पट्टी आणि उघडताना तुटून बाटलीच्या गळ्याशी राहणारं कडं. पट्टी चपटी करून जोडली की वीण दाट दिसते, चकत्यांनी ठिपके येतात, नुसती कडी गुंफली तर जाळीतून मागची भिंत दिसते. अनात्सुईंच्या एकाच कामात भरीव आणि विरळ भाग शेजारी येतात ते यामुळे. कडी भंगारवाल्याकडे सुटी मिळत नाहीत, बाटलीच्या गळ्यावरून कापून काढावी लागतात.

आतलं फोमचं किंवा प्लॅस्टिकचं अस्तर आधी काढा. ते राहिलं तर वास राहतो आणि भोक पाडताना टोचा घसरतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. पत्रा कापायच्या कात्रीने बाजू उभी चिरा आणि कडेकडेने चकती सोडवा. कडा पात्यासारख्या असतात, हातमोजे घालाच. सपाट करायला लाकडी मोगरी वापरा. लोखंडी हातोडीने पत्रा ताणून वेडावाकडा होतो आणि छपाईला चिरा जातात. भोक १ ते १.२ मिमीचं, छापील बाजूने, लाकडी ठोकळ्यावर ठेवून पाडा, म्हणजे खरखरीत काठ मागे जातो. कडेपासून ३ मिमी आत हवं. त्याहून जवळ घेतलं तर ओढ बसताच फाटतं.

हिशोब असा. दोन चकत्यांत २ मिमी फट धरली तर ३० मिमीला एक चकती, म्हणजे ३ फुटांत ३० × ३० = ९०० चकत्या. वाया जाणाऱ्या धरून १,००० घ्या. सांधे होतात १,७४०. सांध्याला ६ सेंमी तार धरली तर सुमारे १०५ मीटर. २५ गेजची (साधारण ०.५ मिमी) तांब्याची तार पाव किलो घेतली की पुरून उरते.

ताठपणाची कारणं दोन. पहिलं, सांधे आवळलेले असणार. तार २ मिमीच्या सळईवरून फिरवा, पक्कडीने दोन-तीनच पीळ द्या, सळई काढून घ्या आणि टोकं मागे दाबा. जास्त पिळलं तर तांबं कडक होऊन तिथेच तुटतं. चकती स्वतः वाकत नाही. जे काही वाकायचं ते फटीत. फट नसेल तर कापड होणार नाही. दुसऱ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही: वजन. ०.२ मिमी पत्र्याच्या ९०० चकत्या जेमतेम ३०० ग्रॅम भरतात. अनात्सुईंचं काम कित्येक मीटरचं असतं, स्वतःच्या भाराने खाली ओढलं जातं आणि झोळ आपोआप पडतो. तुमच्या नमुन्यात चुण्या हाताने उचलून भिंतीतल्या खिळ्यांवर टेकवाव्या लागतील. जमलं तर रुंदी ३ फूटच ठेवून लांबी ६ फूट करा, फरक लगेच दिसेल. वरची ओळ मात्र दुहेरी तारेने बांधा आणि दर ८-१० सेंमीला टांगा. सगळा भार तिच्यावरच असतो.

एकसंध विणत बसू नका. न्सुकाच्या कार्यशाळेत मदतनीस आधी लहान तुकडे करतात, ते जमिनीवर पसरतात, फोटो काढून हलवाहलव होते, मग मोठी जोडणी. तुम्हीही १०० चकत्यांचे ९ तुकडे करा.

एक धोका. तांबं आणि ॲल्युमिनियम दमट हवेत एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजतं, भोकाभोवती पांढरी भुकटी धरते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. मोटर वाइंडिंगची लेपवाली तार घ्या. लेप पक्कडीने खरवडला जाणार नाही एवढं सांभाळा.

रंगपेटी:
तार आजच बघतो. झाकणं दोनच रंगांची मिळाली आहेत, लाल आणि पिवळी. बाकीचे रंग स्प्रेने दिले तर?

तांबट:
नका देऊ. वाकवताना पोपडे निघतात. चकत्या उलट्या लावा, आतली चंदेरी बाजू हा तिसरा रंग. आडवी-उभी छपाई बदलली की चौथा मिळतो.

चौकट:
रंग देऊ नका याला तांबटांनी दिलेल्या कारणापेक्षा मोठं कारण आहे. झाकणावरचं दारूचं नाव हाच या कामाचा आशय. युरोपी व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वस्तूंच्या बदल्यात दारू आणली. पुढे माणसं जहाजांत भरून अटलांटिकपार नेली, तिथल्या उसाची रम परत त्याच व्यापारात फिरली. न्सुकाच्या आसपास रिकाम्या होणाऱ्या बाटल्यांची झाकणं त्या इतिहासाचं आजचं टोक. दुसरीकडे, अनात्सुईंच्या घरात केंटे हे घानाचं पारंपरिक कापड विणलं जायचं, आणि कामाचा पोत त्या राजेशाही कापडाकडे झुकतो. श्रीमंती दिसते दुरून, ब्रँड वाचता येतात जवळून. ब्रिटिश म्युझियममधल्या ‘मॅन्स क्लॉथ’ आणि ‘वूमन्स क्लॉथ’ या सुरुवातीच्या कामांत हे स्पष्ट आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ एवढ्यावर थांबणाऱ्याने नाव वाचलेलं नसतं.

सैल सांध्यालाही अर्थ आहे. काम घडी करून पेटीत जातं आणि प्रत्येक ठिकाणी मांडणारे त्याला नवा झोळ देतात. ठराविक आकार कलाकार सांगतच नाही. त्यामुळे नमुना लाकडी चौकटीत ताणून बसवू नका. २०१५ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळालेल्या कलाकाराची मुख्य कल्पनाच त्यात मरते.

तुमच्या नमुन्यापुरतं: देशीच्या झाकणावर न्सुकाचा इतिहास चिकटवू नका. देशीचं स्वतःचं राजकारण आहे: अबकारी, हातभट्टी, गावोगावच्या बायकांची दारूबंदीची आंदोलनं. छापलेली नावं दिसू द्या.

सुतळी_दाभण:
दोघं-तिघं आवर्जून पाहा.

रोमुआल्ड हाझुमे, बेनिनमधलं पोर्तो-नोव्हो, जन्म १९६२. पेट्रोलचे प्लॅस्टिक कॅन कापून मुखवटे करतात: मूठ म्हणजे नाक, तोटी म्हणजे तोंड. नायजेरियातून चोरटं पेट्रोल आणणारे मोटारसायकलवाले जास्त माल मावावा म्हणून कॅन आगीवर धरून फुगवतात. भिंत पातळ होते, कधी तरी भडका उडतो. ओझं वाहणारा कॅन आणि वाहणारा माणूस दोन्ही वापरून फेकायचे, हे त्यांचं म्हणणं. ‘ला बूश द्यू रुआ’मध्ये असे ३०४ मुखवटे ब्रूक्स या गुलामवाहू जहाजाच्या १७८९ च्या प्रसिद्ध चित्राप्रमाणे मांडले आहेत.

सर्ज आतुक्वेई क्लॉटी, घानातलं अक्रा. तेलाचे पिवळे कॅन घानात पाणीटंचाईत घरोघरी पाणी भरायला आले. लोकांनी त्यांना तेव्हाचे अध्यक्ष कुफूर यांचं नाव दिलं. क्लॉटी त्यांचे चौकोन कापून तारेने जोडतात. हे प्लॅस्टिक एचडीपीई (कडक पॉलिथीन) असतं. त्यावर फेव्हिकॉलसारखे गोंद धरत नाहीत, रंगही सोलून निघतो, म्हणून तारच बरोबर. भोकं २ मिमीच्या ड्रिलने पाडा, तापल्या सळईने नको, धूर वाईट. पेट्रोलचा कॅन असेल तर ठिणगी उडणारं कुठलंही यंत्र लावू नका. रिकाम्या कॅनमधली वाफच पेट घेते.

इब्राहिम महामा, घानातलंच तामाले, जन्म १९८७. कोकोची, मग कोळशाची झालेली गोणपाटं शिवून आख्ख्या इमारती झाकतात. नवी पोती देऊन वापरलेली घेतात, कारण ठिगळं, शिक्के, कोळशाचे काळे डाग हवेच असतात. या पोत्यांचा ताग बांगलादेश आणि आपल्या बंगालचा, त्यामुळे माल घानाचा आणि पोतं आपल्याकडचं असा उलटा प्रवास त्यात आहे.

पोत्यांवर हात बसवायचा असेल तर दाभण आणि सुतळी घ्या, टाके २ ते ३ सेंमीवर. शिवणीला कड ३ सेंमी आत दुमडा, नाहीतर ताग उसवतो. आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, धान्यातले किडे असतात. धुऊ नका, शिक्के फिके होतात. आणि ताग झटकन पेटतो, प्रदर्शनात दिव्यांपासून लांब टांगा.