अकाउंटॅबिलिटी: जबाबदारी, उत्तरदायित्व, की जाब?

रंकाळावेस
नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी एक पुस्तिका मराठीत आणतोय. विषय आहे विकसनशील देशांतला भ्रष्टाचार आणि सरकारला वठणीवर आणण्याचे मार्ग. 'अकाउंटॅबिलिटी' पानापानावर येतो. 'उत्तरदायित्व' लिहिलं की वाचणारा तिथंच अडखळतो. 'जबाबदारी' चालेल का?

दप्तरदार
जबाबदारी नको. ती कामाआधी सोपवतात, जाब काम झाल्यावर (किंवा न झाल्यावर) विचारतात. रस्त्याची जबाबदारी अभियंत्यावर आहे एवढं कळतं, पण तो पहिल्या पावसात वाहून गेला तर अभियंत्याला कोण बोलावणार आणि कुणापुढं, हे त्या शब्दात येत नाही. दोन्ही शब्दांचं मूळ 'जबाब'च. पण वापरात जबाबदारी म्हणजे नुसता भार उरलाय: घरची, लग्नाची, जेवणावळीची. कायद्याची भाषा उद्धृत करायची तिथं 'उत्तरदायित्व' राहू द्या. बाकी ठिकाणी नामाचा हट्ट सोडा. 'अमुक अधिकारी ग्रामसभेला जाब द्यायला बांधील आहे' असं लिहिलं की कोण आणि कुणाला, दोन्ही लिहावंच लागतं. 'उत्तरदायित्व वाढवणे' या प्रयोगात दोघेही गायब होतात, आणि सरकारी परिपत्रकांना ते सोयीचं असतं, असं माझं मत.

तिसरी_गल्ली
भावा, जाब विचारला म्हटलं की आमच्याकडं लोक म्हणत्यात, कॉलर धरली काय? 'हिशेब मागणं' म्हण की. कारखान्याच्या वार्षिक सभेत, दूध संस्थेत, तालमीच्या मंडळात आपण हिशेबच मागतोय. कुणाला समजवायला लागत नाही.

दप्तरदार
मुद्दा रास्त. पण हिशेब पैशापुरता. फाईल नुसती पडून आहे, एक रुपयाही इकडचा तिकडं झालेला नाही, तिथं काय मागणार? महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा आणि कामातल्या विलंबाचा एकत्र कायदा आहे, 2005 चा. नाव एका दमात वाचून होत नाही, म्हणून सगळे 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. सर्वसाधारणपणे कर्मचाऱ्याकडं फाईल कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. तिथं मागायचा तो दिवसांचा खुलासा.

नेत्रा_क
दोन्ही ठेवा ना. पैसा असेल तिथं हिशेब, निर्णय किंवा उशीर असेल तिथं जाब. 'सोशल ऑडिट'लाही असाच साधा शब्द लावता येईल. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यानं कलम 17 खाली ते काम ग्रामसभेला दिलं. सरकारी शब्द 'सामाजिक अंकेक्षण'. एकदा तो द्या आणि पुढं 'गावानं केलेली तपासणी' म्हणा.

रंकाळावेस
हे जमेल. आता एक अवघड वाक्य. युगांडात 1991 ते 1995 या काळात शाळांच्या वेतनेतर अनुदानापैकी सरासरी 13 टक्केच शाळांपर्यंत पोचत होतं. मग कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते सरकार वर्तमानपत्रांत छापू लागलं आणि शाळांनाही आलेली रक्कम फलकावर लावावी लागली. पुढं प्रमाण 80 टक्क्यांवर गेलं. मूळ मजकुरात या प्रकाराला 'लीकेज' म्हटलंय. 'गळती' लिहू?

नेत्रा_क
गळती धरणाला लागते, छपराला लागते. तिथं कोणी दोषी नसतो. इथं मधल्या लोकांनी पैसा अडवला किंवा दुसरीकडं वळवला. 'वाटेतच मुरला' लिहा. पैसे मुरवणारा कोणीतरी असतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि एक, श्रेय एकट्या वर्तमानपत्रांना देऊ नका. त्याच काळात तिथं इतरही सुधारणा झाल्या होत्या, त्यामुळं त्या निष्कर्षावर पुढं अभ्यासकांनी शंका घेतलीय. 'छापल्यामुळं वाढलं' ऐवजी 'छापणं सुरू झाल्यानंतर वाढलं' हे सुरक्षित.

तिसरी_गल्ली
भ्रष्टाचाराला पण एकच शब्द नको. दाखल्यासाठी शिपायाला दिली ती चिरीमिरी. टेंडरात ठरते ती टक्केवारी. एकीतनं चहा होतोय, दुसरीतनं बंगला.

दप्तरदार
ही वाटणी पुस्तिकेत जरूर घ्या, इंग्रजीतल्या 'पेटी' (किरकोळ) आणि 'ग्रँड' (बड्या) करप्शनपेक्षा सरस आहे. फक्त चिरीमिरीत एक लाडिकपणा आहे, त्यानं गुन्हा हलका वाटतो. कायद्याला दोन्ही लाचच. क्रियापदही जपून वापरा. 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला ती भाग पाडून द्यावी लागली त्यानं 7 दिवसांत तक्रार केली तर तो वाचतो. म्हणजे 'दिली' आणि 'द्यावी लागली' यात मोठा फरक आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक तिथंच छापा, मागच्या पानावर कोणी बघत नाही.

रंकाळावेस
छापतो. माहिती अधिकाराच्या पानावर लिहिलंय: '10 रुपये शुल्क भरून अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिली अपील करा.' बरोबर?

नेत्रा_क
मजकूर बरोबर. पण 'पहिलं अपील'. अपील नपुंसकलिंगी.

तिसरी_गल्ली
आमच्या वकिलाची अपील बायकीच हाय, दहा वर्षं झाली, अजून कोर्टातच हाय ती.