तारीख शेवटी टाका
घराच्या दुरुस्तीचं वेळापत्रक कसं करायचं, यावर नेहमीचा सल्ला असा की कामांची यादी करून प्रत्येकापुढे तारीख टाकली की झालं. मला उलटं वाटतं. आधी प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा: हे सुरू व्हायला नेमकं काय संपलेलं हवं?

मागे मुलुंडला आमचं बाथरूम फोडलं. प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, मग फरशी. क्रम बरोबर होता, पण वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून ४८ तास गळती बघायची असते, ते मी धरलंच नव्हतं. फरशीवाला दुसऱ्याच दिवशी सिमेंटच्या गोण्या घेऊन दारात हजर! दोन दिवसांचा खाडा माझ्या खिशातून, शिवाय खालच्या काकूंचं रोजचं 'अजून किती दिवस?' होतंच. दोन कामांमधल्या अशा सक्तीच्या थांबण्याला वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लॅग' म्हणतात. कुणी राबत नसलं तरी दिवस जातात.

उलट हॉलचा रंग चार दिवस रखडला, तरी शेवटची तारीख हलली नाही, कारण तो बाथरूमच्या साखळीत नव्हताच. एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही अशा कामांची सगळ्यात लांब साखळी, तोच क्रिटिकल पाथ; ती लांबली की शेवटची तारीख लांबते. ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांनी १९५७ च्या सुमारास ही पद्धत बसवली ती कारखान्यांसाठी, पण बाथरूमलाही चालते. फक्त मुंबईत बाहेरच्या भिंतीचं काम असेल तर जूनच्या आत संपवा.