नानच्या शिक्क्यावरचा बैल आणि त्याच्या पाठीवरचा स्तूप

डोंगरवाट:
उत्तर थायलंडमधल्या नान प्रांताबद्दल वाचतोय. लाओसच्या सीमेला लागून असलेला डोंगराळ मुलूख. प्रांताच्या शिक्क्यावर बैल आहे आणि त्याच्या पाठीवर स्तूप. यामागे काय कथा आहे? फेब्रुवारीत जायचा बेत आहे, काय चुकवू नये तेही सांगा.

नदीकाठची:
माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो स्तूप वाट फ्रा थात चे हेंग या मंदिराचा (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर). नान नदीच्या पूर्वेला, टेकडीवर. बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या ससा-वर्षात जन्मलेल्यांनी आयुष्यात एकदा तरी इथे दर्शनाला यावं, अशी उत्तरेकडची श्रद्धा आहे.

नानचं राज्य मूळचं आणखी उत्तरेला, पुआच्या खोऱ्यातलं. 1359 मध्ये राजधानी या टेकडीवर आली, पण पाण्याची टंचाई भासू लागली. मग राजा फा कोंगने 1368 मध्ये ती नदीच्या पश्चिम काठावर हलवली. बैलाची कथा इथली. एक बैल नदी ओलांडून पलीकडे गेला, फिरताना त्याचं शेण जिथे जिथे पडलं त्या खुणांवरून नव्या नगराचा तट आखला, असं सांगतात. नगर पलीकडे गेलं, स्तूप अलीकडेच राहिला. शिक्क्यात मात्र बैलाने स्तूपही पाठीवर घेतलाय! दोन्ही काठ त्या एका चित्रात आले, असा मी त्याचा अर्थ लावते.

नदीने पुढेही या लोकांना स्वस्थ बसू दिलं नाही. 1817 च्या पुरानंतर राजधानी काही दशकं उत्तरेला गेली आणि 1855 मध्ये परतली. हीच नान नदी दक्षिणेला नाखोन सवानपाशी पिंग नदीला मिळते आणि तिथून बँकॉककडे जाणारी चाओ फ्राया नदी सुरू होते. बँकॉकचं पाणी या डोंगरांतून येतं, हे तिथे जाताना जरूर ध्यानात ठेवा.

जुनापुराणा:
छान प्रतिसाद. मिठाचं राहिलं. नान प्रांतातल्याच बो क्लुआला डोंगरात, समुद्रापासून कितीतरी दूर, खाऱ्या पाण्याच्या विहिरी आहेत. ते पाणी मोठ्या कढयांत आटवून आजही मीठ काढतात. 1450 च्या सुमारास चियांग माईच्या राजा तिलोकराजने नान घेतलं, त्यामागे या मिठाचा मोह होता असं मानतात. मला तरी हे पटतं. डोंगरी राज्यात मीठ म्हणजे सत्ताच. आणि 1904 मध्ये सयामने (म्हणजे तेव्हाच्या थायलंडने) मेकाँग नदीच्या उजव्या काठचा प्रदेश फ्रान्सला दिला, त्यात नानच्या राजांचा मोठा मुलूख गेला. आजची सीमा पाहताना हे माहीत असलेलं बरं.

डोंगरवाट:
दोघांचेही मनापासून आभार. बो क्लुआ यादीत घेतलं. फेब्रुवारीत फुलं असतात का?

नदीकाठची:
असतात, आणि तुमची वेळ अगदी योग्य आहे. डोई फू खा राष्ट्रीय उद्यानात चोम्फू फू खा नावाचं दुर्मिळ झाड त्याच सुमारास गुलाबी घोसांनी बहरतं. प्रांताचं अधिकृत फूल मात्र वेगळं, पांढरा कांचन. शहरात वाट फूमिनला निवांत वेळ द्या. भिंतींवर 19व्या शतकातली चित्रं आहेत. कानात कुजबुजणाऱ्या जोडप्याचं चित्र सगळे बघतात, पण बाकीच्या भिंतींवरचे कपडे आणि गोंदण नीट पाहा, त्या काळचं नान तिथे दिसतं.