मदत हवी आहे: सर्व्हिस कॉन्फरन्सला डेलिगेट म्हणून जातोय

मंडळी, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडण्यासाठी एकमेकांना मदत करणाऱ्यांची संघटना) वार्षिक सर्व्हिस कॉन्फरन्सला आमच्या एरियाचा डेलिगेट म्हणून पहिल्यांदाच जातोय. अजेंड्याचं बाड चाळून झालं. अडलंय वेगळ्याच ठिकाणी. एका ठरावावर इथल्या ग्रुपांनी मला 'नाही' सांगून पाठवलंय, तेही मिनिट्समध्ये लिहून! पण एएच्या सेवाकामासाठीच्या बारा संकल्पनांपैकी तिसरी संकल्पना प्रतिनिधीला निर्णयाचा हक्क देते ना? नुसता सांगकाम्या पाठवायचा तर टपालानंही भागलं असतं. शिवाय पाचव्या संकल्पनेप्रमाणे अल्पमतवाल्यांचंही ऐकून घ्यायचं असतं. ते ऐकून माझं मत फिरलं तर?

जाऊन आलेल्यांनी सांगा, परतल्यावर ग्रुपांसमोर हे कसं मांडलंत? आणि टिपणं सभेतच काढायची की रात्री खोलीवर? घाईत लिहिलेलं माझं अक्षर मलाच लागत नाही.