१९४२ सारखा विमानांचा गेम व्हीआरमध्ये आणायचा, तर खेळणाऱ्याला बसवायचं कुठे?

नौपाडेकर

नमस्कार मंडळी. प्रश्न मी विचारतोय, पण काम लेकीचं आहे. ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ती विमानांचा जुना शूटिंग गेम युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने करतेय, व्हीआरसाठी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आत शिरल्यासारखं खेळायला. हेडसेट क्वेस्ट २, माझ्या मावसभावाकडून मागून आणलेला.

हे खूळ तिच्या डोक्यात माझ्यामुळे शिरलं. १९९१ साली मी सातवीत होतो. ठाणे स्टेशनवरून नौपाड्याकडे येताना एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. चार उभी मशीन आणि कोपऱ्यात एक काचेचं टेबल. त्या टेबलाच्या पोटात स्क्रीन, स्टुलावर बसून खाली वाकून खेळायचं. टोकन एक रुपयाचं. पार्लरवाले काका टोकनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. डबा वाजला की रस्त्यावर कळायचं, आज पार्लर उघडं आहे. त्या टेबलात '१९४२' होता.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: कॅपकॉमचा १९८४ चा गेम, योशिकी ओकामोटो यांनी केलेला. आपलं विमान म्हणजे अमेरिकेचं पी-३८ लढाऊ विमान, मिडवे बेटाहून टोकियोकडे निघालेलं. ३२ लेव्हल, आकडा उलटा मोजत खाली येतो. बटणं दोनच, एक गोळीचं, दुसरं पलटीचं. लाल विमानांची अख्खी रांग पाडली की 'पॉव' नावाचा बक्षिसाचा ठोकळा मिळायचा. त्यातल्या एका पॉवने दोन्ही बाजूंना दोन छोटी विमानं येऊन चिकटायची. ती आली की मागे उभी असलेली पोरं गप्प व्हायची, कारण आता खेळ लांबणार हे सगळ्यांना माहीत असायचं.

आता अडचण. लेकीने पहिल्यांदा मला कॉकपिटमध्ये बसवलं. समोर पंखा फिरतोय, खाली समुद्र, मान वळवली की पंख दिसतात. बघायला फार सुंदर. पण चार मिनिटांत मला घाम फुटला आणि मळमळायला लागलं. ते एक सोडून देऊ. मला जास्त लागलं ते वेगळंच: तो गेम तिथे नव्हताच. टेबलावर खेळताना मी माझ्या विमानाकडे क्वचितच बघायचो. नजर स्क्रीनच्या वरच्या भागात, गोळ्या कुठून निघतायत तिथे. आपलं विमान डोळ्याच्या कडेने कळायचं. मोठी विमानं पाठीमागून, म्हणजे स्क्रीनच्या खालून वर यायची, तीही दिसायची. कॉकपिटमध्ये पाठीमागून आलेलं विमान म्हणजे थेट मरणच.

लेक म्हणते, "बाबा, मग व्हीआर कशाला? टीव्हीवरच खेळा." मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. कोणी असे गेम खेळलंय का?

महापे_रात्रपाळी

मी कारखान्यांसाठी व्हीआरमधली सुरक्षा-प्रशिक्षणं बनवतो, त्यामुळे मळमळीचं आधी सांगतो. डोळे सांगतात विमान वळलं, आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण नौपाड्यात खुर्चीवर बसलोय. हा झगडा सवयीने थोडा कमी होतो, सगळ्यांचा नाही. वळताना नजरेच्या कडा काळ्या करणं, सेकंदाला दिसणारी चित्रं (फ्रेम) ७२ च्या खाली न पडू देणं, हे उपाय आहेतच. पण सगळ्यात पक्का उपाय म्हणजे खेळणाऱ्याचं जग स्थिर ठेवायचं आणि विमान हलवायचं.

हे कोणी करून ठेवलंय का म्हणाल, तर व्हॉल्व या गेम कंपनीने २०१६ मध्ये 'द लॅब' नावाचा छोट्या खेळांचा संच फुकट दिला होता. त्यात 'झॉर्टेक्स' आहे. यान तुमच्या हातात असतं, अक्षरशः. हातात धरायच्या कंट्रोलरच्या जागी यान दिसतं, ट्रिगर दाबला की गोळ्या सुटतात, आणि शत्रू तुमच्या चहूबाजूंनी येतात. तुम्ही खोलीत उभे राहून हात वाकडातिकडा करत ते यान गोळ्यांमधून काढता. लहानपणी खेळण्यातलं विमान हातात धरून घरभर पळायचो, तसंच. मला एकदाही चक्कर आली नाही.

ऐरोलीची खाडी

मी कॉकपिटच्या बाजूने बोलणार आहे. सेगाचा 'आफ्टर बर्नर' १९८७ चा, यू सुझुकींचा. त्याचं मोठं मशीन वळताना खुर्चीसकट हलायचं. मी एका मॉलच्या गेमिंग झोनमध्ये बसलेय त्यात. विमान कललं की तुम्हीही कलता, म्हणून महापेकर म्हणतात तो झगडा तिथे कमी होतो. तो खेळ मुळातच मागून बघायचा होता, त्यामुळे व्हीआरमध्ये खेळणाऱ्याला आत बसवलं तर खेळाचं काही बिघडत नाही. '१९४२' आकाशातून खाली बघायचा खेळ आहे. दोन्ही विमानांचेच गेम, पण जात वेगळी. काकांचं टेबल होतं ना तुमच्याकडे? तेच करा. टेबल.

कोपरखैरणे_सेक्टर

टेबलच्या कल्पनेला माझाही दुजोरा, पण एक धोका आहे. सपाट समुद्र टेबलावर अंथरला आणि विमानं सगळी एकाच उंचीवर ठेवली, तर लेकीचा प्रश्न बरोबर ठरतो, टीव्हीच काय वाईट? उंची वापरायला हवी.

निन्टेन्डोच्या व्हर्च्युअल बॉय या डोळे लावून बघायच्या गेम-यंत्रावर १९९५ मध्ये हडसनचा 'व्हर्टिकल फोर्स' आला होता. सगळं लाल-काळं, पण जवळचं-लांबचं खरोखर वेगळं दिसायचं, आणि विमान दोन थरांमध्ये वरखाली करता यायचं. त्याही आधी नामकोच्या 'झेव्हियस'मध्ये आकाशातल्यांना एक शस्त्र आणि जमिनीवरच्यांना वेगळा बॉम्ब होता. म्हणजे ही माणसं सपाट पडद्यावरही दोन मजल्यांचा विचार करत होती.

आणि तुमच्या '१९४२' मधली पलटी आठवा. पलटी म्हणजे काय? विमान वर उचललं जातं आणि गोळ्या खालून निघून जातात. सपाट पडद्यावर ती खोटी उंची होती. हातात विमान असेल तर ती खरी करता येईल.

नौपाडेकर

पलटीचं वाचून मी रात्री लेकीला उठवलं. ती चिडली, पण बसली.

रविवारी नवीन आवृत्ती चालवली. समुद्र टेबलाएवढा, माझ्या कमरेच्या उंचीला. आधी छातीच्या उंचीवर ठेवला होता, पण दोन लेव्हलमध्ये खांदा भरून आला. पार्लरमध्ये हात कायम खाली टेकलेला असायचा, तो खांद्याचा आराम किती मोठा होता हे आत्ता कळलं. विमान उजव्या हातात. पलटीसाठी बटण नाही. मनगट झटक्यात वर, छातीपर्यंत, आणि परत खाली. गोळ्या खरंच हाताखालून जातात. लेव्हलमागे तीनच पलट्या ठेवल्यात, नाहीतर माणूस हात वरच ठेवून बसेल.

दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. गोळ्यांचा वेग बराच कमी केला, कारण व्हीआरमध्ये गोळी किती लांब आहे हे ठरवायला पडद्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि प्रत्येक विमानाची सावली समुद्रावर पाडली, त्याशिवाय उंचीचा अंदाजच येत नव्हता. गोळी लागण्याची जागा फक्त विमानाच्या मधोमध, वाटाण्याएवढी. पंखाला गोळी घासली तरी चालतं.

मी आठव्या लेव्हलपर्यंत गेलो. मळमळ शून्य. लाल रांग पडली, दोन छोटी विमानं येऊन मुठीच्या दोन्ही बाजूंना तरंगायला लागली, आणि मी थोडा वेळ गोळ्या मारायचंच विसरलो. डोकं वाकवून जवळून त्यांच्याकडे बघत राहिलो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी काचेला नाक लावलं तरी ती एवढी जवळ आली नव्हती. लेकीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं ती स्वतःच म्हणाली.

ऐरोलीची खाडी

आवाजाचं काय केलंत? त्या गेमच्या पार्श्वभूमीला शिट्टी आणि ढोलाचा ठेका सतत वाजायचा, डोकं उठायचं. माझं मत, तो ठेवू नका.

नौपाडेकर

ठेवला नाही. इंजिनाची घरघर आहे, ती हातातल्या विमानातून येते. हात कानाजवळ आणला की वाढते.

एक शेवटचा प्रश्न. पार्लरवाले काका आता कळव्यात मुलाकडे राहतात. शनिवारी हेडसेट घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांना जाड भिंगाचा चष्मा आहे. चष्म्यावर बसतो का हा?

महापे_रात्रपाळी

क्वेस्ट २ च्या खोक्यात चष्म्यासाठी एक काळी प्लास्टिकची चौकट असते, स्पेसर. तोंडाकडचा फोम काढायचा, ती बसवायची, वर परत फोम. मावसभावाकडे विचारा, बहुतेक लोक ती खोक्यातच विसरतात. चष्मा आधी हेडसेटमध्ये ठेवून मग चढवा, म्हणजे भिंगावर भिंग घासणार नाही. आणि काकांना खुर्चीवर बसवून खेळवा, समुद्र त्यांच्या मांडीच्या उंचीला आणा.