अनुभव धागा : 'प्रायोगिक' क्रिप्टो प्रकल्प आणि त्यात घातलेले पैसे

रानजाई (धागाकर्ती) :
सध्या आपापली टोकनं (डिजिटल नाणी) विकणाऱ्या क्रिप्टो स्टार्टअपांचे व्हाइटपेपर, म्हणजे माहितीपत्रकं, वाचतेय. पहिल्या पानावर रॉकेट. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'सॉफ्टवेअर प्रायोगिक आहे, टोकन घेतल्याने कंपनीत कसलाही हिस्सा मिळत नाही, सगळी रक्कम बुडू शकते'. तर ज्यांनी अशा प्रकल्पांत काम केलंय, कोड तपासलाय, पैसे घातलेत किंवा घालायचं नाकारलंय, त्यांनी सविस्तर लिहा. बिटकॉइन कुठवर जाईल हा विषय नाही. टोकनच्या लिंका दिसल्या तर उडवायला सांगेन.

चिंचगुळ :
स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा व्यवहाराचा कोड, तपासणं हाच माझा धंदा, पुण्यात बसून करतो. लोकांना वाटतं आम्ही आधी हॅकर कुठून शिरेल ते बघतो. मी आधी मालकाला काय काय करता येतं ते बघतो. नवी टोकनं छापायचा अधिकार कुणाकडे, व्यवहार थांबवायचा कुणाकडे, अख्खा कोड बदलून टाकायचा कुणाकडे. मागे एका प्रकल्पाने छातीठोकपणे सांगितलं, मल्टिसिग आहे, पाचपैकी तिघांच्या सह्या लागतात. ब्लॉकचेनवर (सगळ्यांना दिसणाऱ्या व्यवहारांच्या वहीत) पाहिलं तर सह्यांच्या पाचही पाकिटांत (वॉलेटमध्ये) गॅससाठीचं, म्हणजे व्यवहाराच्या शुल्काचं, पहिलं इथर (इथेरियमचं नाणं) एकाच पत्त्यावरून, एकाच दुपारी, काही मिनिटांच्या अंतराने आलेलं. म्हणजे पाचही सह्या बहुधा एकाच माणसाच्या. रिपोर्टमध्ये तसं लिहिलं. त्यावर टीमचं उत्तर 'ॲक्नॉलेज्ड'. थोडक्यात, वाचलं, पण बदलणार नाही. आठवड्याभरात वेबसाइटवर 'ऑडिटेड'चा हिरवा बिल्ला झळकला. ऑडिट झालंच होतं, त्यामुळे बिल्ल्याला खोटा कसं म्हणणार? पीडीएफ उघडायचे कष्ट कुणी घेत नाही. तुम्ही घेतलेत तर आधी 'ॲक्नॉलेज्ड' शब्द शोधा.

ओसरी :
+१. 'ऑडिट झालेलं नाही' असं स्पष्ट लिहूनही लोक येतातच. ऑगस्ट २०२० मधलं 'याम' हे टोकन आठवा. दहा दिवसांत लिहिलेला कोड, ऑडिट शून्य, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं. तरी एका दिवसात कोट्यवधी डॉलर आले. दोन दिवसांनी कळलं की टोकनसंख्या जुळवायच्या गणितात एक भागाकार राहून गेलाय. त्यामुळे राखीव साठ्यात इतकी टोकनं छापली गेली की दुरुस्तीच्या मतदानाला लागणारा कोरम (किमान मतं) भरणंच अशक्य झालं. आणि दुरुस्ती मतदानाशिवाय करता येत नव्हती!

त्याआधीचं 'द डीएओ' या इथेरियमवरच्या सामाईक गुंतवणूक निधीचं प्रकरण मी कॉलेजात असताना चालू असतानाच वाचत होतो. लोकांनी १५ कोटी डॉलरच्या आसपास इथर टाकलेलं. १७ जून २०१६ ला त्यातून सुमारे ३६ लाख इथर निघून गेलं. कोड आधी पैसे पाठवायचा आणि शिल्लक नंतर कमी करायचा. कॅशियरने नोटा हातात द्याव्यात आणि नोंदीसाठी पेन उचलायच्या आत गिऱ्हाइकाने पुन्हा तीच स्लिप पुढे सरकवावी, असा प्रकार. २० जुलैला इथेरियमने हार्ड फोर्क केला (नियम बदलून साखळीची नवी शाखा काढली) आणि लोकांना पैसे परत मिळायची सोय झाली. ज्यांना ते पटलं नाही ते इथेरियम क्लासिक या जुन्या शाखेवर राहिले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, पॅरिटी कंपनीच्या पाकिटांच्या सामाईक लायब्ररीची (ती सगळी पाकिटं ज्यावर चालायची त्या कोडची) मालकी एकाने आपल्याकडे घेतली आणि ती नष्ट करून टाकली. पाच लाखांवर इथर गोठलं. त्या वेळी मात्र फोर्कवर एकमत झालंच नाही. 'काही झालं तर कम्युनिटी बघून घेईल' म्हणणाऱ्यांनी आपलं नुकसान डीएओएवढं मोठं आहे का ते आधी बघावं.

मोगरी :
मी पैसे घातले नाहीत, नोकरी केली. ऑफर लेटरमध्ये जवळपास निम्मा पगार टोकनमध्ये, एक वर्षाचा क्लिफ (तोवर टोकनं हातात नाहीत), पुढे तीन वर्षं दरमहा थोडे थोडे. एचआरच्या एक्सेल शीटमध्ये टोकनचा भाव मागच्या फंडिंग राउंडचा. मी विचारलं, या भावाने आज कोण विकत घेईल? टोकन तर एक्स्चेंजवर लिस्टच झालं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं होतं घेऊन टाक. मी थोडं कमी घेऊन सगळा पगार रुपयांत मागितला आणि तो मिळालाही.

लिस्टिंगच्या दिवशी ऑफिसात केक कापला. सगळे फोनवर आपापला आकडा बघतायत आणि क्लिफ चालू असल्याने विकता कुणालाच येत नाही. क्लिफ संपेपर्यंत घेणारेच उरले नव्हते. एका सहकाऱ्याने अडीच लाखांची टोकनं विकायला काढली, तर त्याच्याच विक्रीने भाव निम्म्यावर आला. कंपनी फसवी नव्हती हं. प्रॉडक्ट चालत होतं, ग्राहक पैसे देत होते. पण ते पैसे कंपनीला मिळत होते, टोकनवाल्यांचा त्यावर काय हक्क?

हिशोबनीस :
मोगरीताईंच्या मुद्द्याला जोडून. मी सीए आहे, नाशिकला प्रॅक्टिस. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. एका अशिलाला एका नाण्यात ८ लाख नफा, दुसऱ्यात ९ लाख तोटा. त्यांचं म्हणणं, मी लाखाने बुडालोय, कर कसला? सेस धरून २,४९,६०० रुपये भरावे लागले. जणू नियम मीच केलाय अशा नजरेने बघत होते. 'सरकार कर घेतं म्हणजे मान्यता आहे' असं सांगणारे एजंटही भेटतात. लॉटरीच्या बक्षिसावरही ३० टक्केच कर आहे, साहेब.

पायवाट :
मी फायद्यात आहे, रागावू नका. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप या टोकनं अदलाबदलीच्या मंचाने जुन्या वापरकर्त्यांना ४०० युनि टोकनं फुकट वाटली, माझ्या पाकिटातही आली. लगेच विकली, बहिणीला लॅपटॉप घेतला. गंमत पुढे आहे. माझा मामेभाऊ हीच गोष्ट सांगून नातेवाइकांना कुठल्या तरी प्री-सेलमध्ये (टोकन बाजारात यायच्या आधीच्या विक्रीत) ओढतो. मी एक रुपया घातला नव्हता, हे तेवढं गाळतो.

भुईचक्र :
तुम्ही कोड आणि ऑडिट घेऊन बसलाय. आमच्या इचलकरंजीकडं असले प्रकल्प हॉटेलच्या हॉलमध्ये येतात, चहा-वड्यासकट. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के, १८ महिने असं सांगायचे. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. आता आमच्याकडच्या हॉलमध्ये तीच पट्टी वाजते, फक्त 'स्टार्टअप' आणि 'एआय' हे दोन शब्द वाढलेत. मी मागं एका 'सरां'ना म्हटलं, ॲपवर तुमचे चाळीस लाख दिसतायत, त्यातले पाचशे रुपये आत्ता माझ्यासमोर बँकेत काढून दाखवा. तर म्हणे सर्व्हर मेंटेनन्सला आहे. वडा मात्र चांगला होता.

रानजाई :
@मोगरी, @चिंचगुळ, संस्थापकांची टोकनं कधी सुटणार, म्हणजे त्यांना विकता येणार आहेत, हे बाहेरच्या माणसाला कळतं का?

चिंचगुळ :
व्हेस्टिंग कॉन्ट्रॅक्टमध्ये (ठरलेल्या तारखांना टोकनं सोडणाऱ्या कोडमध्ये) टाकलेलं असेल तर एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) तारखेसकट दिसतं. नुसत्या एक्सेल शीटमध्ये असेल तर नाही. मला तरी शीटच जास्त भेटल्यात.