शेवटची ट्यूब अनोळखी सायकलस्वाराला द्यावी की नाही?

प्रश्न : घाटपायथा (परतवाडा परिसर)

नमस्कार. परतवाड्याच्या आसपासच्या गावांतील आम्ही पाच जण दर रविवारी गिअरच्या सायकली घेऊन गाविलगडच्या डोंगराकडे जातो. कधी धामणगाव गढीच्या बाजूने चिखलदऱ्याचा घाट चढतो, तर कधी पायथ्याच्या पांदण रस्त्यांवरून आणि वावरांच्या धुऱ्यांवरून दगडगोट्यांत सायकल चालवण्याचा सराव करतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी घडलेल्या प्रसंगावरून आमच्यात मतभेद झाला असून तो अजून मिटलेला नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

घाट उतरताना एका वळणावर सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा सायकल धरून उभा दिसला. त्याच्याजवळ 26 इंची चाकांची जुनी माउंटन बाइक होती. मागच्या चाकाची ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली होती आणि चार किलोमीटर तो सायकल ढकलत आला होता. त्याच्याजवळ पंप नव्हता आणि मोबाइलला रेंजही नव्हती. माझ्याजवळ 27.5 इंची चाकाची एक जादा ट्यूब होती. ती किंचित दुमडून त्याच्या टायरमध्ये बसवली, हवा भरली आणि तो वरच्या गावाकडे निघून गेला. मी त्याचे नाव विचारले, ट्यूबचे पैसे मात्र घेतले नाहीत.

पुढे दहा-बारा किलोमीटरवर, सपाटीला लागल्यावर, माझ्याच मागच्या चाकात सराट्याचे तीन काटे शिरले. ठिगळांची डबी उघडली तर सोल्युशनची नळी सुकून दगड झालेली होती. सोबतच्या चौघांची चाके ट्यूबलेस असल्यामुळे त्यांच्यापैकी कोणाजवळही ट्यूब नव्हती. सहा किलोमीटर पायी चालून गाव गाठले, तेथील सायकलचे दुकान रविवारमुळे बंद होते, आणि शेवटी अंधार पडल्यावर मालवाहू टेम्पोतून सर्व जण घरी पोहोचलो. मित्रांचे म्हणणे असे की, ओळखदेख नसलेल्या मुलासाठी मी पूर्ण गटाला अडचणीत टाकले आणि डोंगरात सायकल चालवणाऱ्याने स्वतःचे सामान स्वतः बाळगावे हाच या खेळाचा नियम आहे. मला अजूनही आपण चुकलो असे वाटत नाही, परंतु मित्रांचे म्हणणे पूर्णपणे खोडूनही काढता येत नाही. मदत करताना कोणता क्रम पाळावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : जुनी_चेन (अकोट)

भाऊ, तुम्ही ट्यूब दिली ते योग्यच केले. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेल्या ट्यूबला ठिगळ धरत नाही, कारण तेथे रबर जाड आणि उंचसखल असते व हवेचा दाब वाढला की चिकटवलेला भाग उचलला जातो. साधे छिद्र असते तर ट्यूब देण्याऐवजी पंक्चर काढून देणे अधिक शहाणपणाचे ठरले असते, पण येथे ट्यूब देणे हा एकच खरा उपाय होता.

चूक शोधायचीच असेल तर ती सोल्युशनच्या सुकलेल्या नळीत आहे. त्या नळीचे सील एकदा उघडले की आतील द्रव हळूहळू उडून जातो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, जेथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, ही क्रिया फार लवकर होते. म्हणून न उघडलेली एक नळी नेहमी पिशवीत असावी, तिच्या जोडीला सोल्युशनशिवाय चिकटणारी चार-सहा तयार ठिगळे ठेवावीत आणि दर दोन महिन्यांनी डबी उघडून पाहावी. ठिगळ लावताना पॉलिश पेपरने रबर चांगले खरवडावे, सोल्युशन पसरून त्याची ओली चकाकी जाईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे आणि मगच ठिगळ दाबावे. घाईने ओल्यावर लावलेले ठिगळ पुढच्या दगडाच्या आपटीला निघते, आणि घाटात घाई बहुधा सोबत थांबलेल्यांच्या चेहऱ्याकडे पाहून होते. म्हणून थांबणाऱ्यांनी त्या वेळी काटे शोधण्याचे काम अंगावर घ्यावे. सराटा एकटा येत नाही. टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवला की तो जेथे अडकेल तेथे काटा असतो, आणि ट्यूब असलेल्या चाकातील एकही काटा मागे राहता कामा नये.

तुमच्या ट्यूबलेसवाल्या मित्रांनाही एक सांगायचे आहे. सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमध्ये ओतलेला चिकट द्रव, बारीक काट्याचे छिद्र बुजवते, परंतु टायरची बाजू धारदार दगडाने चिरली तर ते काही करू शकत नाही, आणि उष्णतेने ते काही महिन्यांत आटतेही. अशा वेळी त्यांनाही ट्यूबच टाकावी लागते. पाच जणांत मिळून एकच ट्यूब असणे हा दोष पाचही जणांचा आहे.

काहीच हाताशी नसेल तर वाळलेले गवत टायरमध्ये जमेल तितके ठासून भरतात आणि सपाट रस्त्यावर अगदी सावकाश चालवतात. दिवाळीनंतर आपल्या धुऱ्यांवर गवताला तोटा नसतो. मी स्वतः असे पाच किलोमीटर आलो आहे. उतारावर मात्र हा प्रयोग करू नये, कारण टायर रिमवरून घसरतो.

उत्तर : सातपुडा_चढण (अकोला)

मी मित्रांच्या बाजूने थोडे लिहितो, कारण त्यांचे म्हणणे स्वार्थाचे आहे असे वाचणाऱ्यांना वाटू नये.

हा खेळ ज्या परंपरेतून आला तिच्यात स्वावलंबनाला मोठे स्थान आहे. कॅलिफोर्नियातील मॅरिन काउंटीत 1976 साली ‘रिपॅक’ नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या. जुन्या जड सायकलींच्या मागच्या हबमधील (चाकाच्या मधल्या तुंब्यातील) ब्रेक उतारावर इतका तापत असे की आतील ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावे लागे, म्हणून त्या उताराला ते नाव पडले. आपले यंत्र आपण ओळखावे आणि आपणच दुरुस्त करावे ही वृत्ती तेथपासून आहे, आणि सुरुवातीच्या स्पर्धांमध्ये बाहेरची मदत घेण्यास मनाईही होती. ज्याला पंपाविना घाटात जायचे आहे त्याने धोका स्वतः पत्करलेला असतो, असे म्हणणे कठोर असले तरी अगदीच चुकीचे नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. घाटपायथा यांनी ट्यूब देण्यापूर्वी सोबतच्या चौघांना विचारले होते का, याचा त्यांच्या लेखनात उल्लेख नाही. गटात निघाल्यावर ती ट्यूब एका अर्थाने सर्वांची झाली होती. दोन मिनिटे थांबून “आपल्याजवळ ही एकच आहे, देऊ का?” असे विचारले असते, तर बहुधा सर्वांनी होकारच दिला असता आणि नंतरच्या सहा किलोमीटरच्या पायपिटीत कोणाच्या मनात अढी राहिली नसती. शिवाय त्या मुलाला एसटी किंवा जीप मिळेपर्यंत त्याच्याजवळ थांबणे हाही मदतीचाच एक मार्ग होता.

उत्तर : पांदणवाट (यवतमाळ जिल्हा)

सातपुडा_चढण दादांचा विचारून देण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. शर्यतीचा दाखला मात्र येथे लागू पडत नाही. शर्यतीत कोणाचे पाय आणि कोणाची सायकल सरस हे मोजायचे असते, म्हणून मदतीवर बंधन घालावे लागते. 1996 पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या क्रॉस-कंट्री प्रकारातही आज ठरावीक ठिकाणी सुटी चाके व मदत घेण्याची सोय आहे. आपल्या रविवारच्या फेरीत ना क्रमांक असतो ना वेळेची नोंद. रविवारी दुपारी एसटी किती वेळाने येते हे आपण सगळे जाणतो, आणि तोपर्यंत त्या मुलाने वळणावर बसून राहावे हा पर्याय मला पटत नाही.

मी शिक्षिका आहे आणि शाळेतील मुलींना सुटीच्या दिवशी पांदण रस्त्यांनी सायकलवर नेते. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही काळ्या मातीत अडकलो. ज्यांनी पावसात ती माती पाहिली आहे त्यांना सांगायला नको, परंतु इतरांसाठी लिहिते की, ती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये थरावर थर बसत जाते आणि वीस-पंचवीस पावलांत चाक फिरणे बंद होते. आम्ही सात जणी सायकली ओढत होतो. शेजारच्या वावरात डवरणी थांबवून बसलेले एक काका आले, त्यांनी तुराटीच्या काड्या मोडून प्रत्येकीच्या हातात दिल्या, माती कशी खरवडायची ते दाखवले आणि दोन सायकली स्वतःच्या खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणून दिल्या. त्यांनी सायकली नेल्या म्हणून मी आभार मानले, पण त्या दिवसानंतर मुलींच्या पिशवीत कायमची राहिली ती काडी. आता चिखल लागला की त्या माझी वाट पाहत नाहीत.

या अनुभवातून आम्ही एक क्रम पाळतो. प्रथम हात द्यायचे, म्हणजे थांबायचे, सायकल धरायची, काय बिघडले ते पाहायचे. त्यानंतर पंप, पाना, एलन की अशी हत्यारे द्यायची, ती काम झाल्यावर परत येतात. सुटे भाग अगदी शेवटी, आणि दुरुस्ती शक्यतो त्याच्याच हातून करून घ्यायची. आपण झटपट करून दिले तर दहा मिनिटे वाचतात, पण पुढच्या वेळी तो पुन्हा वळणावर उभाच राहतो. पेरणीच्या दिवसांत एका घरची बैलजोडी दुसऱ्याच्या वावरात जाते तेव्हा कोणी पैशांचा हिशेब मांडत नाही, आणि तरीही ज्याने जोडी नेली तो पुढच्या हंगामात स्वतः माणसे घेऊन हजर होतो. घाटपायथा भाऊंनी पैसे घेतले नाहीत याचा अर्थ मी तसाच लावते.

व्हॉल्व्हविषयी एक उपयोगी गोष्ट सांगते. आपल्या खेड्यांतल्या साध्या सायकलींना जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो, अनेक माउंटन बाइकना मोटारसायकलसारखा जाड, आणि महागड्या सायकलींना बारीक प्रेस्टा. बारीक व्हॉल्व्हची ट्यूब जाड छिद्राच्या रिममध्ये वेळ भागवण्यापुरती बसते, मात्र जाड व्हॉल्व्ह बारीक छिद्रात जात नाही. प्रेस्टावर बसणारा लहानसा पितळी जोड पिशवीत ठेवला तर कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. दुसऱ्याला मदत करायची तर त्याच्या सायकलला काय लागेल याचाही विचार आपल्या पिशवीत असावा, असे मला वाटते.

उत्तर : उपकेंद्रातून (मेळघाट)

मी आरोग्य सेवेत काम करतो, म्हणून ट्यूबपलीकडचे थोडे लिहितो. घाटात थांबताना सायकली वळणाच्या आत ठेवू नका आणि एकाने वरच्या बाजूला थोडे पुढे उभे राहून उतरणाऱ्यांना हात दाखवावा, कारण मदत करणाऱ्यांवरच मागून वाहन किंवा सायकल येण्याचा धोका असतो.

पडलेला माणूस लगेच उठून “काही नाही झाले” म्हणतो, त्यावर विसंबू नये. डोक्याला मार लागून तो तेच तेच विचारत असेल, गोंधळलेला वाटत असेल किंवा त्याला उलटी झाली असेल, तर त्या दिवशी त्याला पुन्हा सायकलवर बसू देऊ नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रेंज नसेल तर एकाने जखमीजवळ थांबावे आणि दुसऱ्याने रेंज मिळेपर्यंत जावे. सर्पदंश झाला तर चिरा देणे, करकचून बांधणे हे प्रकार करू नयेत, दंश झालेला भाग हलू न देता थेट रुग्णालय गाठावे. उन्हाने शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि वारा घालावा.

संध्याकाळी जंगलाच्या पट्ट्यात कोणालाही एकटे सोडून जाऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळत असतात तेव्हा अस्वले झाडांखाली येतात. त्या मुलाला तुम्ही चार वाजता ट्यूब देऊन वाटेला लावले असेल, तर अंधार पडण्यापूर्वी तो घरी पोहोचला, एवढ्यावरच माझ्या दृष्टीने त्या ट्यूबचे चीज झाले.

घाटपायथा

सर्वांचे मनापासून आभार. सातपुडा_चढण दादांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवले. मी कोणालाही विचारले नव्हते. ते मी मित्रांपाशी कबूल केले, आणि गवताची युक्ती आमच्यापैकी एकालाही सुचली नाही याचे सर्वांनाच वाईट वाटले, कारण ते सहा किलोमीटर आम्ही वाळल्या गवतातूनच चाललो होतो. पुढील रविवारपासून पाच जणांत मिळून तीन ट्यूब, दोन पंप, सोल्युशनची एक न उघडलेली नळी, तयार ठिगळे आणि चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) न्यायचे ठरले आहे. आमच्यापैकी तिघांच्या चेन 8 गिअरच्या आणि दोघांच्या 10 गिअरच्या असल्यामुळे लिंक दोन प्रकारचे घ्यावे लागतील.

एक गोष्ट लिहायची राहिली. परवा एसटीच्या वाहकाने परतवाडा बसस्थानकावरील चहाच्या टपरीवर माझ्या नावाची एक पिशवी दिली. त्यात माझीच ट्यूब होती, स्वच्छ पुसून गुंडाळलेली. मधल्या काळात तीही कोठेतरी पंक्चर झाली असावी, कारण तिच्यावर एक ठिगळ आहे आणि ते नीट खरवडून, चारही कडा दाबून लावलेले आहे. ठिगळ लावलेली ट्यूब जादा म्हणून बाळगावी का, की नवीनच घ्यावी?

जुनी_चेन (अकोट)

हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी बादलीतल्या पाण्यात फिरवून पाहा. बुडबुडा आला नाही तर पावडर लावून, घडी घालून खुशाल पिशवीत ठेवा.